पाठीमागे बघणारा चितेंजा

मी एक जुना चितेंजा आहे. चितेंजा म्हणजे कमरेला गुंडाळायचा दोन वार कापडाचा तुकडा. आमच्या मलावीत बाई म्हटली की चितेंजा आलाच. तो नेसायचा, त्यात लेकरू पाठीशी बांधायचं, त्याची चुंबळ करून घागर डोक्यावर ठेवायची, आणि एखादी वस्तू जपायची असेल तर ती त्याच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. पण मी काही साधासुधा चितेंजा नाही, मित्रांनो. मी पक्षाचा चितेंजा आहे. माझ्या मधोमध एका माणसाचा चेहरा छापलेला आहे आणि माझ्या आयुष्याची सगळी भानगड त्या चेहऱ्यापासूनच सुरू होते.

थांबा. आधी एक सांगा, तुम्हाला कुणी पाठवलंय? चिपेटांनी? नाही ना? मग बसा. राग मानू नका. ज्या पक्षात माझं आयुष्य गेलं, तिथे शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीसुद्धा लोक हाच प्रश्न विचारत असत. मलाही ती खोड लागली ती लागलीच.

माझा जन्म ब्लांटायरच्या एका गिरणीतला. हिरवं कापड, त्यावर पिवळ्या होड्या, आणि गोलात वायसन काफेरे यांचा चेहरा. काफेरे हे वीस वर्षं शाळेत गुरुजी होते. एकदा मंत्र्यांच्या स्वागताला मुलांना तीन तास उन्हात उभं करा असा हुकूम आला. गुरुजी म्हणाले, "मंत्र्यांना घाई नसेल तर त्यांनीच उन्हात यावं, मुलं वर्गात आहेत." झालं! नोकरी गेली. मग त्यांनी सरकारविरोधी पक्ष काढला आणि खूण घेतली होडी. सरोवराच्या काठची माणसं ती. होडी एकट्याने ओढून पाण्यात घालता येत नाही हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

छापताना माझं कापड जरासं सरकलं आणि गुरुजींचा डावा डोळा बारीक उमटला. गिरणीतला माणूस म्हणाला, "हा तर बघा कसा संशयाने बघतोय!" आणि त्याने मला तसंच गठ्ठ्यात टाकलं. माझ्या स्वभावाला मी एकटा जबाबदार नाही, एवढंच तुमच्या कानावर घालतो.

गठ्ठा आमच्या लिपेटा गावी आला. गोरखचिंचेच्या झाडाखाली कात्री घेऊन बसलेल्या बाईने ताग्यातून दोन तुकडे पाठोपाठ कापले. पहिला मी. मला एनेलेसने घेतलं. दुसरा तिची मैत्रीण फागेस हिने घेतला. म्हणजे तो माझा सख्खा भाऊच. कात्री आमच्या दोघांच्या मधून गेली होती.

एनेलेस चिसाले ही मासळी वाळवून विकणारी बाई. उंच, तोंडाची फटकळ, गावातल्या बायकांची पुढारी. फागेस तिच्याहून बुटकी, गोल, आणि आवाज असा की सरोवराच्या पलीकडच्या कोळ्यांनी मान वर करावी. पक्षाची गाणी हीच जुळवायची. एनेलेस भाषण करायची, फागेस गायची, आणि बाकीच्या बायका नाचायच्या.

आता कमरेला चितेंजा नेसला की त्यावरचा चेहरा नेमका कुठे येतो, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. हसा, हसा. सगळा गाव हसला होता. एनेलेस खाली बसताना दर वेळी म्हणायची, "गुरुजी, माफी असावी, बसते हं." फागेस म्हणायची, "अगं, माणसाला खुर्ची मिळायच्या आधीच तू त्याच्यावर बसतेस!" एकदा खुद्द गुरुजींनी हे ऐकलं. पोट धरून हसले ते. म्हणाले, "बसा बायांनो, बसा. पुढाऱ्याची जागा तिथेच बरी."

पण त्यामुळे झालं काय, की एनेलेसचे डोळे पुढे आणि माझे मागे. तिला दिसायचं नाही ते मला दिसायचं. तिच्या तोंडावर गोड बोलून पाठ फिरताच नाक मुरडणारे किती, तिचं भाषण चालू असताना मागे डोळे मिचकावणारे किती, सगळं मी पाहिलं. आयुष्यभर ज्याला माणसांची फक्त मागची बाजू दिसते, त्याचा कुणावर विश्वास बसेल, तुम्हीच सांगा.

सुरुवातीची वर्षं फार कठीण होती. सत्तेतल्या पक्षाची दांडगी पोरं बाजारात फिरायची आणि होडीचा चितेंजा दिसला की भर बाजारात फेडायची. एका शनिवारी त्यांनी एनेलेसला गाठलं. एकाने माझं टोक धरलं, दुसऱ्याने ओढलं, आणि गुरुजींच्या हनुवटीखाली मी टर्रकन फाटलो. आजूबाजूची माणसं मान खाली घालून टोमॅटो निवडत राहिली. तेवढ्यात फागेस धावत आली. तिने स्वतःचा चितेंजा सोडला आणि दोघींभोवती एकच वेढा घालून घट्ट गाठ मारली.

"आता फेडा!" ती ओरडली. "फेडा ना! दोन म्हाताऱ्या एका कापडात आहेत. बघायचंय का तुम्हाला? तुमच्या आयांना बोलावू का सोबत बघायला?"

पोरं बावचळली. दोघी एका कापडात गुंडाळलेल्या, तशाच पायाला पाय जुळवत घरापर्यंत गात गेल्या. मी फाटका, फागेसच्या काखेत होतो. घरी गेल्यावर तिने मला लाल दोऱ्याने शिवलं. हिरव्यावर लाल. एनेलेस म्हणाली, "अगं, हिरवा दोरा नव्हता का?" फागेस म्हणाली, "होता. पण शिवण दिसली पाहिजे." ते लाल टाके आजही माझ्या हनुवटीखाली आहेत. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण मी स्वतः ते पुढे विसरलो.

मग पक्ष वाढला. पहिल्या निवडणुकीत आमचे एकटे गुरुजी निवडून आले. दुसऱ्या खेपेला एकोणीस जण. होडीचं नाव घेतलं की लोक पोलिसाच्या देखत घोषणा द्यायचे. गाडीवरून कुणी ओरडायचं, "वल्हं कुणाचं?" आणि सगळा बाजार ओरडायचा, "आपलं!" "होडी कुणाची?" "आपली!" मला तेव्हा कौतुकाने धुतलं जायचं, सावलीत वाळवलं जायचं, आणि सभेच्या आदल्या दिवशी कोळशाच्या इस्त्रीखाली माझी एकेक घडी काढली जायची. ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

पक्ष मोठा झाला तसे ग्रेशम चिपेटा आले. शहरातले वकील, चार मालमोटारींचे मालक, बोलणं लोण्यासारखं. गुरुजींनी त्यांना उपाध्यक्ष केलं. त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आधी सगळे चटईवर बसायचे. आता कुणी खुर्चीवर, कुणी चटईवर, आणि कुणाची खुर्ची पुढे यावरून कुजबुज. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण कापडाचं ऐकतो कोण?

भांडण कशावरून पेटलं? पक्षाच्या नियमात लिहिलं होतं की दोन खेपांच्या वर कुणी अध्यक्ष राहायचं नाही. तो नियम गुरुजींनीच स्वतःच्या हाताने लिहिला होता. तिसरी खेप आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "वादळात नावाडी बदलत नाहीत." चिपेटा म्हणाले, "वादळ तर तुम्ही रोजच दाखवता." खरं सांगू? मी गुरुजींचा चेहरा अंगावर वागवतो, पण चिपेटांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हे मी आज बोलतो. तेव्हा असं कुणी बोललं असतं तर त्याला फितूर म्हणून बैठकीतून हाकललं असतं.

थोड्याच दिवसांत चिपेटांनी नवा चितेंजा छापला. रंग तोच, होडी तीच, चेहरा मात्र त्यांचा. झालं! बाई दुरून येताना दिसली की लोक आधी तिच्या पाठीमागे जाऊन बघायचे, कोण आहे ते. काही बायका माझ्यासारखा गुरुजींचा चितेंजा नेसायच्या आणि त्यावर दुसरा साधा चितेंजा गुंडाळायच्या, म्हणजे गरज पडेल तसं झाकता-उघडता येईल. काही तो उलटा नेसू लागल्या. एनेलेसने मात्र मला कधी उलटा केला नाही. फागेसनेही माझ्या भावाला केला नाही. पण हे मी तेव्हा मोजलं नाही.

लिपेटात पक्षाचा चिटणीस होता लायटन न्कोमा. बारीक अंगाचा, नेहमी हसतमुख, सदऱ्याच्या खिशाला हिरव्या शाईचं पेन. गावातली प्रत्येक बैठक तो त्याच हिरव्या शाईने टिपून ठेवायचा. एकदा ठरलं की गुरुजींनी शनिवारी गुपचूप लिपेटाला यायचं आणि शाळेच्या पटांगणावर बायकांची सभा घ्यायची. हे एनेलेसच्या अंगणात ठरलं. माणसं होती सात, त्यात फागेस आणि लायटनही. शनिवारी सकाळी बायका पटांगणावर गेल्या, तर तिथे आधीच चिपेटांच्या दोन मालमोटारी, मांडव आणि ढोलवाले! गुरुजी रस्त्यावरूनच परत गेले. एनेलेस रडकुंडीला आली.

संध्याकाळी लायटन अंगणात आला. खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण सात जणांपैकी चिपेटांच्या माणसांशी नेहमी बोलणारं कोण आहे? मी नाव घेत नाही."

"घे की नाव!" एनेलेस म्हणाली.

"नको मावशी. तुमची जिवाभावाची मैत्रीण आहे ती. माझ्या तोंडून नको."

बघा, नाव न घेताच त्याने नाव घेतलं. आणि आम्हाला वेड्यासारखं ते खरंच वाटलं. कारण चिपेटांचा चालक दर बुधवारी वाळूवर गाडी थांबवून फागेसकडूनच वाळकी मासळी घ्यायचा. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि तोवर कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी एनेलेस माचाणावर मासळी पसरत होती. तोंड पाण्याकडे, म्हणजे माझं तोंड रस्त्याकडे. मी डोळा ताणून बघत होतो. मालमोटार थांबली. फागेसने मासळी मापली. मग तिने चालकाला काहीतरी मागितलं आणि त्याने गाडीतून एक कागद काढून तिला दिला. फागेसने कागद बघितला. पुन्हा बघितला. मग मान वर करून थेट एनेलेसच्या पाठीकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं. कागदाची घडी घातली आणि पोलक्यात सारली. मासळी तिने केळीच्या पानात बांधून दिली.

सापडली! मला तर आनंदच झाला, मित्रांनो. लाज वाटते सांगायला, पण झाला. ज्याला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं, त्याला ओल सापडली की हायसं वाटतं. चिपेटांची चिठ्ठी तिच्या पोलक्यात गेली, असं मी छातीठोकपणे ठरवून टाकलं. त्या माचाणाजवळून जाणाऱ्या आणखी दोघीतिघींनीही तेच पाहिलं आणि तेच ठरवलं. दुपारपर्यंत ते एनेलेसच्या कानावर गेलं.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत फागेस आली. डोक्यावर टोपली, टोपलीत मक्याच्या पिठाचा वाफाळता न्सिमा आणि माशाचा रस्सा. आमच्याकडे जेवणाआधी यजमानीण पाहुण्याच्या हातावर तांब्याने पाणी घालते. फागेसने स्वतःच तांब्या उचलला.

"चल गं, हात पुढे कर. दोघी जेवू. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय."

एनेलेसने हात पुढे केले नाहीत. तिने ते माझ्या घडीत खुपसले. "मला भूक नाही," ती म्हणाली.

"भूक नाही? तुला? माशाचं डोकं दिसलं की तू तर झोपेतून उठतेस."

"नाही म्हटलं ना."

ओसरीवर लायटन वही उघडून बसला होता. फागेसने त्याच्याकडे बघितलं, मग एनेलेसकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्याकडे कुणाच्या हातचा घास नाकारणं म्हणजे त्यात विष आहे असं तोंडावर म्हणणं. फागेस तांब्या खाली ठेवून गेली. न्सिमा तिथेच थंड झाला आणि शेवटी कोंबड्यांनी खाल्ला. कोंबड्या मेल्या नाहीत. तेही मी बघितलं, पण माझ्या मनाला ते शिवलं नाही.

दुसऱ्यांदा ती पाणवठ्यावर आली. "एनेलेस, ऐक तरी." एनेलेसने अर्धी घागर उचलली आणि वाट धरली. फागेस मागून बोलत राहिली. "अगं, तुझ्या पाठीला काय सांगू मी? वळ तरी!" एनेलेस वळली नाही. फागेस दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरलेले होते. मी म्हटलं, नाटक.

मग वॉर्डाचा उमेदवार निवडायचा दिवस ठरला. आमच्या पक्षात चिठ्ठ्या नसायच्या. उमेदवार पटांगणावर एका ओळीत उभे राहतात आणि ज्याला जो हवा त्याच्या मागे लोक रांग लावतात. मोठी रांग ज्याची, तो जिंकला. नियम एकच. उमेदवारांनी सरोवराकडे तोंड करून उभं राहायचं आणि मोजणी संपेपर्यंत मागे वळायचं नाही. म्हणजे कोण कुठे उभं राहिलं ते त्यांना दिसू नये आणि उद्या कुणावर राग निघू नये. चांगला नियम आहे. एनेलेस उभी राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आयुष्याची एवढीच एक इच्छा होती: त्या बाजारात जिथे तिचा चितेंजा फेडला होता, तिथे वॉर्डाची प्रतिनिधी म्हणून ताठ चालायचं.

आदल्या दिवशी तिने अंगणात बायका जमवल्या. आणि ते वाक्य बोलली.

"उद्या मला मागे बघता येणार नाही. तुम्ही बघा. कोण फितूर आणि कोण आपलं हे ओळखायचं असेल तर फक्त फागेसच्या पायांवर नजर ठेवा. ती ज्या रांगेत जाईल, ती चिपेटांची रांग. तिथून लांब राहा."

बायकांनी माना डोलावल्या. लायटननेही डोलावली. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगण भरलं. मुख्य कचेरीतून आलेले मोजणीदार उभे राहिले. त्यांनी नावं विचारली. एनेलेस पुढे झाली. आणि मग लायटन पुढे झाला! खिशाला हिरवं पेन, तोंडावर तेच हसू.

"अरे, तू?" एनेलेस म्हणाली.

"मावशी, गैरसमज नको. मी गुरुजींचाच माणूस. पण कार्यकर्त्यांत कुजबुज आहे, आपली कुणीतरी फितूर झालीय म्हणून. अशा वेळी गुरुजींसाठी कुणीतरी स्वच्छ माणूस उभा असावा, एवढंच."

 मोजणीदारांनी शिट्टी वाजवली. दोघांनी सरोवराकडे तोंड केलं. आता पुढे निळं पाणी तिला दिसत होतं, आणि मागचं सगळं पटांगण मला.

पहिली निघाली फागेस. अंगावर माझा भाऊ, चापूनचोपून नेसलेला, इस्त्री केलेला. तिने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. सरळ चालत आली आणि एनेलेसच्या मागे पहिली उभी राहिली. इतकी जवळ की तिचा श्वास मला लागत होता.

मी गोंधळलो. आणि तेवढ्यात मला पटांगणावरच्या बायकांचे चेहरे दिसले. त्या सगळ्या फागेसच्या पायांकडे बघत होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. "बघितलंस? म्हणजे एनेलेसच!" "बाई गं, आपल्याला उल्लू बनवत होती!" "कालच म्हणाली ना, फागेस जिथे तिथे चिपेटा?" आणि एकेक करून त्या लायटनच्या मागे जाऊ लागल्या. गुरुजींसाठी! प्रत्येकीच्या पाठीवर गुरुजींचाच चेहरा होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण गुरुजींना वाचवतोय.

एनेलेसला फक्त पावलांचा आवाज ऐकू येत होता. तो तिच्या उजवीकडे जात होता. तिची पाठ ताठ झाली. मला ओरडावंसं वाटलं, अगं वळ, सांग त्यांना, तू चुकीचं बोललीस म्हणून सांग! पण वळायला बंदी होती. वळली असती तर बाद झाली असती.

मागून फागेस हळूच म्हणाली, "एनेलेस. हात मागे कर."

एनेलेसने हात मागे केला नाही.

"अगं कर गं. एकदाच."

"बोलू नकोस माझ्याशी," एनेलेस दातांतल्या दातांत म्हणाली.

फागेसने सुस्कारा सोडला. मग तिने पोलक्यातून तो कागद काढला. खूप दिवस अंगाशी राहून तो मऊ झाला होता. तिने माझं लोंबतं टोक धरलं, कागद त्यात ठेवला आणि गाठ मारली. तीच गाठ, जी तिने बाजारात दोघींभोवती मारली होती. गाठ मारताना तिची बोटं माझ्या हनुवटीखालच्या लाल टाक्यांवर थांबली. तेव्हा कुठे मला आठवलं.

मोजणीदारांनी खांद्याला हात लावत लावत मोजलं. लायटन अठ्ठावन्न, एनेलेस एकेचाळीस. लायटनला खांद्यावर उचललं गेलं. वरून तो ओरडला, "वल्हं कुणाचं?" सगळे ओरडले, "आपलं!"

एनेलेस कुणाशी न बोलता घरी आली. दुपारची उन्हं अंगणात होती. ती उभ्या उभ्याच मला सोडायला लागली तेव्हा तिच्या हाताला गाठ लागली. तिने ती सोडली, कागद उलगडला. हिरवी शाई.

"आदरणीय चिपेटासाहेब, बायकांच्या सभेची वेळ आधी कळवली होती ती उपयोगी पडली याचा आनंद आहे. इथे सगळ्यांचा संशय फागेसवर आहे, तो तसाच तेवत ठेवतो. वॉर्ड हाती आला की आम्ही सगळे आपल्याबरोबर येऊ. आपला, लायटन न्कोमा."

एका कडेला माशाच्या तेलाचा डाग होता. तेव्हा मला उलगडा झाला. फागेसने चालकाकडे मासळी बांधायला कागद मागितला होता! त्याने गाडीत पडलेला जुना कागद काढून दिला, आणि हिरवी शाई बघून ती तिथेच थबकली. म्हणून तिने मासळी पानात बांधली. म्हणून माझ्याकडे बघितलं. म्हणून न्सिमा घेऊन आली. सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं.

एनेलेसने मला पुन्हा कमरेला गुंडाळलं आणि ती जवळजवळ धावतच निघाली. फागेस चुलीपाशी होती.

"हे तुझ्याकडे कधीपासून होतं?"

"बुधवारपासून. न्सिमा आणला होता त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू?" फागेसचा आवाज फुटला. "हा लायटन ओसरीवर, तुझे हात घडीत. पाणवठ्यावर तू वळली नाहीस. तुझ्या पाठीशी बोलून बोलून माझं तोंड दुखलं, एनेलेस. शेवटी त्या तुझ्या पाठीवरच्या गुरुजींनाच डोळ्यांनी सांगितलं. पण तेही बारीक डोळा करून नुसते बघत राहिले!"

मित्रांनो, तेव्हा मला फाटून जावंसं वाटलं.

 मग एनेलेस अगदी हळू म्हणाली, "कालचं माझं बोलणं तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"तरी माझ्या मागे येऊन उभी राहिलीस?"

"मग कुठे उभी राहू? त्याच्या मागे?" फागेस चिडून म्हणाली. "माझ्या पायांनी तुझी रांग मोडणार हे मला ठाऊक होतं गं. न येता घरी बसले असते तर तू जिंकलीही असतीस. पण मग तू मरेपर्यंत म्हणाली असतीस, फागेस आली नाही. ते मला सोसवलं नसतं."

एनेलेस मटकन खाली बसली. ती बसली म्हणजे मी तिच्याखाली गेलो. म्हणून पुढचं मला दिसलं नाही, मित्रांनो. फक्त तिचं कण्हल्यासारखं रडणं ऐकू आलं. मग फागेसच्या पायांचा आवाज, मडक्यात तांब्या बुडाल्याचा आवाज, आणि मग हातांवर पाणी पडल्याचा आवाज. बराच वेळ पडत होतं ते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. आठवड्याभरात लायटन चिपेटांच्या मालमोटारीतून, चिपेटांच्या चेहऱ्याचा सदरा घालून आला. बायका कपाळावर हात मारत एनेलेसच्या अंगणात आल्या, पण लायटनचं नाव कधीच मुख्य कचेरीत पोचलं होतं. गुरुजींची होडी आणि चिपेटांची होडी कोर्टात गेली. दोघेही न्यायाधीशांना म्हणाले, "आपली!" तोवर निवडणूक येऊन गेली आणि सत्तेतला पक्ष पुन्हा जिंकला. गुरुजी आता दाराला दोन कुलपं लावून राहतात असं ऐकतो.

आता मी म्हातारा झालो आहे. रंग उडाला, गुरुजींचा चेहरा पुसट झाला. बारीक डोळा तेवढा शाबूत आहे. माझ्या कडेला फागेसने माझ्या भावाला लाल दोऱ्याने जोडलं आहे आणि आम्ही दोघे मिळून माचाणावरच्या मासळीवर पसरलेले असतो. माश्या हाकलतो. दोघी शेजारी बसून मासळी निवडतात आणि अजून भांडतात, पण तोंडावर.

तुमच्या घरी असा जुना चितेंजा असेल तर त्याला फेकू नका. सावलीत वाळवा, टाके घाला, टाक्याचा रंग वेगळा दिसला तरी चालेल. मात्र त्याच्या डोळ्यांवर फार विसंबू नका. माझा बारीक डोळा अजून लोकांच्या पाठी न्याहाळतो. फागेस पाण्याकडे निघाली की मला अजूनही वाटतं, ही कुठे चालली असेल? लगेच लाल टाका खुपतो आणि मी गप्प बसतो.

रांगेत उभं असताना मागे वळायला एनेलेसला बंदी होती. पण तो एकच दिवस. बाकीचे सगळे दिवस तिला कुणीच बंदी घातली नव्हती.